ज्या यादीत डिंक नव्हता

त्या माणसाशी माझं पहिलं भांडण झालं ते एका बाईच्या पोटावरून.

मी तेव्हा बावीस वर्षांची. वर्ध्याहून नर्सचं शिक्षण उरकून मूल गावाकडच्या एका बाजारगावी सरकारी दवाखान्यात रुजू झाले होते. गडचिरोलीसकट सगळा मुलूख तेव्हा एकाच चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात होता. मला येऊन आठ दिवस झाले असतील. शाळामास्तरांची बायको तपासायला आली. मी पोट चाचपलं, दिवस विचारले आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुम्हाला दिवस गेलेत." बाई लाजली नाही, हसली नाही. म्हणाली, "मले माहीत हाये ना बाई. किराना दुकानातल्या भाऊनं मागच्या बाजारीच सांगतलं."

मी तडक दुकानात गेले. काळा, काटकुळा, कानावर शाईपेन्सिल खोचलेला एक माणूस मान खाली घालून हळदीच्या पुड्या बांधत होता. मी विचारलं, "मास्तरांच्या घरचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी नाई," तो पुडीला दोरा गुंडाळत म्हणाला. "त्यायच्या यादीत पांढरी माती होती. भर पावसाळ्यात भिंत कोन सारवते बाई? मंग ते माती गेली कुठी? पोटात गेली. बायाले दिवस गेले का माती खावाशी वाटते."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई. मी वानसामान देतो." मग त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमाले मुगाची डाळ आन् साबुदाना देऊ का? इथलं पानी लागलं दिसते तुमाले. तीन दिवस झाले असतीन."

तीन दिवसच झाले होते. मी मुगाची डाळ घेऊन मुकाट्याने परत आले.

महिन्याभरात मी त्याच माणसाची भाडेकरू झाले. एकट्या नर्सला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. वेळीअवेळी बाहेर जाणारी, कुणाच्याही बाळंतपणाला हात लावणारी बाई म्हणजे विटाळाचं चालतंबोलतं गाठोडं. भाऊंचा हिशेब वेगळा होता. ते म्हणाले, "घरात बायको हाये, चार पोरी हायेत. नर्स घरातच असली तं बोलवाले धावा नाई लागत." सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. त्यांचे शेठजीसुद्धा.

शेठजी नावापुरते शेठजी. भाऊ त्या दुकानात विशीत नोकरीला लागले ते पुढली वीस वर्षं तिथेच होते, आणि त्या काळात शेठजींना जिरं कुठल्या पिंपात आहे हे त्यांनी कधी कळू दिलं नाही. शेठजी चुकून उठले आणि एखाद्या डब्याला हात लावला, की भाऊ लगेच म्हणत, "शेठजी, तुमी गादीवर बसा ना. इथी धूळ हाये." शेठजी बसत. भाऊ 'आपलं दुकान' म्हणत तेव्हा ते थट्टेने म्हणत नसत, आणि शेठजींनी कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

दुकान आणि संसार यांच्यामध्ये भाऊंनी भिंत घातलीच नव्हती. पोरं झाली की बाराव्या दिवशी त्यांना दुकानात नेऊन तराजूत बसवायचं, ही त्यांची रीत. एका पारड्यात बाळ, दुसऱ्या पारड्यात त्या दिवशी जे पोतं उघडं असेल त्यातलं सामान. थोरली तूरडाळीवर तोलली गेली, दुसरी गुळावर, तिसरी मिठावर. तिसरी जरा तिखट जिभेची निघाली तर भाऊ हताश होऊन सांगत, "मिठावर तोलली ना, म्हनून अशी झाली. त्या दिवशी साखर खतम होती." चौथी सुपारीवर तोलली गेली होती, आणि भाऊ म्हणत की ती फोडल्याशिवाय काही सांगत नाही. पाचवा मुलगा. तो माझ्याच हातून जन्मला, आणि तो तांदळावर तोलला तेव्हा मी शेजारी उभी होते. दवाखान्यात बाळाचा काटा नव्हता आणि रजिस्टरात वजनाचा रकाना होता, तेव्हा पुढे गावातली सगळीच बाळं मी त्याच तराजूत तोलू लागले. वरचे साहेब तपासणीला आले, रजिस्टर पाहिलं आणि म्हणाले, "नोंदी फार काटेकोर आहेत तुमच्या." मी साहेबांना चहा पाजला आणि विषय बदलला.

सकाळी दुकानात जाण्याआधी भाऊ विहिरीवरून पाणी भरत. बाप्या माणसाने खांद्यावर घागर घेऊन भर रस्त्याने यायचं, हे गावाला सोसत नसे. पारावरची मंडळी खाकरत, "काऊन भाऊ, बायको आजारी हाये का?" असं विचारत. भाऊ थांबून, घागर सावरून उत्तर देत, "दिवसभर दुसऱ्याच्या बायकायचे डबे उचलतो. आपल्या बायकोची घागर उचलली तं हात झडते का?" त्यांची बायको आतून हे ऐके आणि कपाळाला हात लावी. ती अबोल, हाडकुळी, चाळिशीच्या आतच पाठीत वाकलेली बाई होती. भाऊ घरात आले की तिच्या चेहऱ्यावरचे कष्ट जरा कमी व्हायचे, एवढं मी रोज पाहत होते.

आता त्यांचा खरा दोष सांगते. तोंड. यादी वाचून त्यांना घराघरातलं कळायचं, ही देणगी म्हणा. पण कळलेलं पोटात ठेवणं त्यांना जमत नसे. कोण ओवा-हिंग नेतो, कुणाकडे अचानक दोन चुलींचं सामान जाऊ लागलं, म्हणजे त्या घरातले सख्खे भाऊ वेगळे झाले, हे सगळं ते चार गिऱ्हाइकांसमोर, वजन करता करता, पावशेर आपुलकीने बोलून टाकत. खोकणाऱ्याला तंबाखू देत नसत. तोंड आलेल्या बाईच्या नवऱ्याला मिरची देत नसत. "ते बरी झाली का घेऊन जाजा," म्हणत. लोक चिडत आणि पुढच्या बाजारी पुन्हा तिथेच येत, कारण सामान चोख असे. मी त्यांना कितीदा सांगितलं, की दुसऱ्याच्या घरातलं असं उघड्यावर मांडू नये. ते म्हणत, "बाई, मी वाईट कुठी बोलून राह्यलो? चांगलीच खबर तं देतो."

या तोंडाची किंमत थोरलीला द्यावी लागणार होती.

थोरली सतरा वर्षांची झाली आणि तिला एक स्थळ आलं. दोन कोसांवरचं गाव, धानाची भरपूर शेती, जातीतलंच घर. घरावर राज्य पाटलीणबाईचं. ही बाई ऐन तारुण्यात विधवा झालेली, तीन मुलं आणि सगळी शेती एकहाती ओढलेली, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर शेजारच्या गावचे बैल थांबत. तिच्या दोन सुना घरात होत्या. तिसऱ्या मुलासाठी तिने थोरलीला एका लग्नाच्या पंगतीत वाढताना पाहिलं आणि स्वतःहून निरोप धाडला. मुलगा मॅट्रिक झालेला, नाकीडोळी नीटस. तो दोनदा दुकानावर काही न घेता येऊन गेला. थोरलीही त्या दोन्ही वेळी बापाचा डबा पोचवायला नेमकी तिथे होती. दुकानाच्या नोकराच्या पोरीला असं घर म्हणजे सोन्याहून पिवळं. बायकोने देवापुढे नारळ ठेवला.

सुपारी फोडायला पाटलीणबाईचा दीर आणि चार माणसं आली. पोहे झाले, चहा झाला. सुपारीचं तबक पुढे आलं तेव्हा भाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मले नाई जमत."

कारण विचारलं तर कारण नाही. हुंड्याचं काही आहे का, तर नाही. मुलात खोट आहे का, तर नाही. पाहुणे सुपारीचं तबक तसंच टाकून गेले. बायको आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. थोरलीने बापाशी बोलणं टाकलं. बाप समोर बसलेला असला तरी ती धाकट्या भावाला म्हणे, "बाबाले सांग, भात वाढला हाये." तो पोरगा अजून धड बोलायला शिकायचा होता. तो 'बाबा, भा' म्हणून निरोप पोचवी.

चार दिवसांनी मी त्यांना ओसरीवर गाठलं. म्हटलं, "भाऊ, पोरीला आवडलेलं घर. काय खोट काढलीत?"

त्यांनी आत पाहिलं, आवाज उतरवला. "बाई, त्या घरची यादी मी बरसोबरस पाह्यतो. दोन सुना. चार बाळंतपनं. पयली दोन मायेरी झाली, ते मी धरली नाई. बाकीची दोन त्याच घरी झाली. पन त्या यादीत डिंक नाई. खारीक नाई, खोबरं नाई, अळीव नाई. एकदाबी नाई. मीठ-मिरची मातर बरोबर जाते. ज्या घरात बाळंतिनीले डिंकाचा लाडू नाई भेटत, त्या घरी माही पोरगी नाई देत मी."

मी कपाळावर हात मारला. ती दोन्ही बाळंतपणं मी केली होती. त्या घरात डिंक तळल्याचा वास अंगणापर्यंत येत होता. सुनांना सकाळ-संध्याकाळ मुठीएवढा लाडू, वर तुपाची वाटी. मला स्वतःला पाटलीणबाईने बसवून दोन खायला लावले होते. पण ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं वचनही तिने माझ्याकडून घेतलं होतं. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी वचन मोडलं.

"भाऊ," मी म्हटलं, "त्यांचा डिंक चांद्याहून येतो. सालगडी छोट्या रेल्वेने जाऊन गुपचूप आणतो. का, माहीत आहे? थोरल्या सुनेसाठी एकदा पांढरी माती मागवली, तर तुम्ही भरल्या बाजारात सालगड्याला ओरडून सांगितलं, 'मालकिनीले सांग, नातू येते!' महिन्याभरात तिचं पोट पडलं. पुढच्या खेपेलाही तेच. तुम्ही बोललात आणि पोट पडलं. तिला वाटतं, तुमच्या तोंडून निघालेल्या गोष्टीला गावाची नजर लागते. तेव्हापासून बाळंतपणाचं एक सामान त्या घरात तुमच्या दुकानातून गेलेलं नाही."

पोट पडण्याचा आणि त्यांच्या बोलण्याचा संबंध नाही, हे मी नर्स म्हणून लगेच पुढे सांगितलं. त्यांनी ऐकलं नसावं. ते उठून दुकानात गेले आणि त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला साखरेच्या जागी मीठ दिलं. शेठजी स्वतः मला सांगायला आले, इतके ते घाबरले होते.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी भाऊ सकाळीच धुतलेलं धोतर नेसून माझ्या दाराशी उभे. "बाई, माह्यासंग चाला. माफी मागाची हाये. मी एकटा गेलो तं तोंडातून अजून काई निघीन."

आम्ही अंगणातून निघालो तेव्हा थोरली मागून आली. तिने बापाच्या पुढ्यात त्याच्या चपला ठेवल्या. "बांधावर काटे हायेत," म्हणाली. बारा दिवसांत ती बापाशी बोलली ते हे पहिलं वाक्य. भाऊंनी चपला घातल्या आणि आम्ही दोन कोसांची वाट धरली. धान कापून झालं होतं, त्याच खाचरांत लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं, आणि एरवी पीक दिसलं की भाव सांगणारा हा माणूस खाली पाहून चालत होता.

पाटलीणबाई ओसरीवर सुपात डाळ पाखडत बसली होती. तिने बसा म्हटलं नाही. सुना दाराआड आल्या. मुलगा गोठ्यापाशी उभा राहिला.

"काऊन आला गा?" तिने विचारलं. "अजून काई वाचलं का माह्या यादीत?"

भाऊंनी हात जोडले. "चुकलो, पाटलीनबाई. मले वाटलं, तुमी सुनायले डिंक-खारीक देत नाई. बाईनं खरं सांगतलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सुपातली डाळ मोजू लागले. मग ती भाऊंवर उलटली. "म्हंजे मी सुनायले उपाशी ठेवली, असं वाटलं तुले? मी? दोन नातवंडं गेली माही. तुह्या तोंडापायी मी चोरासारखा डिंक आनते माह्याच घरात! आन् तू माहं घर तोलते? तुह्या घरी पाच बाळंतपनं झाली ना? तू काय चारलं रे तुह्या बायकोले, दुकानवाल्या? सांग ना. पोत्यानं डिंक नेला असशीन!"

मला वाटलं, आता भाऊ काहीतरी चुरचुरीत बोलतील आणि सगळंच संपेल. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले, धोतराला पुसले.

"तिसऱ्या आन् चवथ्या बाळंतपनात तिले डिंक नाई भेटला," ते म्हणाले. "घरात माय आजारी होती, सारं तिकडंच जात होतं. शेठजीले मांगतलं असतं तं देल्लं असतं. नाई मांगतलं. लाज वाटली. दिवसभर दुसऱ्याच्या बायकायसाठी डिंक तोलला आन् घरी गूळ-सुंठ नेली. रातच्याले तिच्या पायात गोळे येत. ते काई बोलली नाई. तिची पाठ तवाच गेली. तवापासून कोनाचीबी यादी आली का माहे डोळे पयले डिंकावर जाते, पाटलीनबाई. मी का करू?"

सूप थांबलं. दाराआडून एका सुनेने नाक ओढलं. सगळ्या गावाच्या पोटातलं बोलणाऱ्या त्या माणसाने हे इतक्या वर्षांत कुणाजवळ काढलं नव्हतं. मी त्यांच्या घरात राहत होते, त्यांच्या बायकोची पाठ मी हाताने चोळली होती, आणि मलाही माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

पाटलीणबाईने सूप बाजूला ठेवलं. आवाज खाली आला होता, पण वाकला नव्हता. "लगन होईन. पन एक हाये. पोरीचं पयलं बाळंतपन इथी होईन, माह्या घरी. मायेरी नाई धाडनार. मी कशी चारते, ते सारा गाव पाह्यीन आन् तूबी पाह्यशीन."

पहिलं बाळंतपण माहेरचं. आमच्याकडे हा बापाचा हक्क आणि हौसही. त्या हौसेसाठी भाऊंनी काय काय मनात योजून ठेवलं होतं, हे मला रोज संध्याकाळी ऐकावं लागे. आल्या आल्या पोरीला काय द्यायचं, पाचव्या दिवशी काय, कुठल्या गावच्या खारका. एका शब्दात पाटलीणबाई ते सगळं काढून घेत होती. भाऊंचा चेहरा पाहवेना. त्यांनी गोठ्यापाशी उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "चालते."

"आन् तोंड बंद."

"चालते. पन मी येत जाईन."

"ये ना. तुले कोन नाई म्हनते?"

लग्न झालं. वर्ष-दीड वर्षाने थोरली बाळंत झाली, सासरीच, माझ्याच हातून. मुलगी. आणि मग त्या घरात जे सुरू झालं ते मी पुढे कुठल्याच बाळंतपणात पाहिलं नाही. सकाळी पाटलीणबाईचे लाडू. दर तिसऱ्या दिवशी दुकान बंद झालं की भाऊ गाठोडं घेऊन हजर, त्यातही लाडू. पाटलीणबाई त्यांचा लाडू फोडून पाही, म्हणे, "खारीक कमी हाये." भाऊ तिचा लाडू नाकाशी नेत आणि तोंड बंद ठेवण्याची शपथ असल्यामुळे नुसती मान हलवत. त्या मान हलवण्यावर पाटलीणबाई दोन दिवस जळे आणि तिसऱ्या दिवशी डिंक दुप्पट घाली. दहाव्या दिवशी थोरलीने माझा हात धरला. "बाई, माह्यानं होत नाई. दोघायलेबी सांगा. पोट फुटून राह्यलं माहं." मी दिवसाला एक लाडू असा हुकूम काढला आणि एरंडेल दिलं.

बारशाला भाऊंची बायको आली. बायका अंगणात पाळणा सजवत होत्या. बाळंतिणीच्या खोलीत मी, थोरली, तिची आई आणि उरलेल्या लाडवांनी भरलेली पितळी परात. भाऊ उंबऱ्याबाहेर उभे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने यायचं नाही, ही रीत.

थोरलीने परात आईकडे सरकवली. "आई, तू खाय वो. वाया चालले."

"मी काऊन खाऊ? मी का बाळंतीन हाओ?" आई हसली. पण तिची नजर परातीवर जरा जास्त वेळ राहिली.

मी ते पाहिलं. उंबऱ्याबाहेरूनही कुणीतरी पाहिलं. भाऊ सरळ आत आले. विटाळ नाही, रीत नाही, काही नाही. बायकोसमोर जमिनीवर बसले, परातीतला एक लाडू उचलला, फोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला.

ती घाबरून दाराकडे पाहू लागली. "ठेवा ना तो खाली. बाया येतीन, हासतीन. नात झाली मले. आता मले बाळंतीन कोन म्हनीन?"

"मी म्हनतो," भाऊ म्हणाले. "खाय."